उंबऱ्याशी मांडलेला पाट

वन्सं,

तुमचा पाट मी अजून आत नेऊन ठेवलेला नाही. तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, गोंदू मुंबईला त्याच्या कॉलेजात परतला, घर धुऊन निघालं, पण पाट पुन्हा तिथंच ओटीवर भिंतीला टेकून उभा आहे. दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा ठेवून येताना मी अजूनही उंबऱ्याच्या डाव्या बाजूनं अंग चोरून आत शिरते, तुमच्या गुडघ्याला पाय लागू नये म्हणून. तिथं कुणी नसतं. एकदा मुद्दाम मधून चालून पाहिलं, तर कुणाला तरी ओलांडल्यासारखं झालं, आणि मी परत बाहेर जाऊन डावीकडून आले. तुमचे भाऊ झोपाळ्यावरून बघत होते.

तुम्ही गेल्यावर आळीतली माणसं येऊन बसली आणि तुमच्याबद्दल चांगलं बोलली. भागीरथीकाकूंनी तर डोळ्यांना पदर लावून सांगितलं की असा पुण्यवान जीव पुन्हा व्हायचा नाही. मी मान हलवली. मनात म्हटलं, काकू, या पुण्यवान जीवाचं तोंड दिसू नये म्हणून तुम्ही किती वेळा अर्ध्या वाटेवरून माघारी गेलात, ते आठवायला बसलं तर संध्याकाळ होईल. तुम्ही असतात तर मला नुसत्या डोळ्यांनी दटावलं असतंत. दटावायला कुणी नव्हतं, तरी मी गप्प राहिले. सवय म्हणा.

मी या घरात सून म्हणून आले तो दिवस मला आठवतो. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, नकळत्या वयात नवरा गेलेली, डोकं भादरून लाल आलवणात माहेरी परत आलेली, एवढं माझ्या कानावर आलं होतं. तुम्ही माजघराच्या मागच्या अंधारात वाती वळत बसला होता. नव्या नवरीला तुमचं तोंड आधी दिसू नये याची काळजी घरात सगळ्यांनीच घेतली होती, पण सगळ्यांत जास्त ती तुम्ही घेतली होती. वर न बघता तुम्ही माझी पावलं तेवढी पाहिलीत. पुढं कधीतरी हसत म्हणालात, "यमे, तुझे पाय मला तुझ्या आधी माहीत झाले."

माझं तुमच्याशी भांडण आहे ते याच गोष्टीवरून. ते अर्धवट राहिलं, आणि आता मला एकटीलाच पुरं करायचं आहे.

सुरुवात शेजारच्या रमाबाईंच्या पांडूपासून झाली. त्याला मुदतीचा ताप आला, पोर बरळायला लागलं, वैद्यांनी हात टेकले आणि शेवटी त्याला ठाण्याच्या इस्पितळात न्यावं लागलं. इस्पितळात राहायला कोण जाणार? तिथला विटाळ, तिथलं पाणी, तिथली परकी माणसं. घरच्या बायका मागे सरल्या आणि तुमची आठवण झाली. तुम्हाला आणखी काय विटाळ व्हायचा राहिला होता, असा त्यांचा हिशेब. तुम्ही गेलात. पोराच्या खाटेशी बसलात, त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्यात, आणि एक दिवस त्याचा ताप उतरला. डॉक्टरांनी निघताना बजावून सांगितलं होतं की ताप गेला तरी आतडं जुन्या धोतरासारखं विरलेलं असतं, त्याला पुष्कळ दिवस नुसत्या पातळावर ठेवा, घट्ट काही पोटात गेलं तर फाटेल. ते तुम्ही ऐकलंत, आणि रमाबाईंनाही सांगितलंत.

पण पोर घरी आलं तो दिवस सणासारखा होता. दारात रांगोळी, ओवाळणं, मारुतीला नारळ. अशा वेळी तुम्हाला पुढच्या दारानं कोण घेणार? तुम्ही मागच्या दारानं आलात आणि विहिरीपाशी उभ्या राहिलात. आत आळी लोटली होती. कुणाच्या वाटीत शिरा, कुणाच्या डब्यात लाडू. पांडू भुकेनं वखवखलेला, समोर येईल त्या हाताला तोंड लावत होता. रमाबाई बिचारी धाकटी सून, चुलतसासूला आणि मावससासूला नाही कशी म्हणणार? जो तो म्हणे, एक घास माझा, आशीर्वादाचा. तुम्ही विहिरीपाशी उभ्या राहून ते सगळं ऐकत होता. पोर आठवडाभरही जगलं नाही.

कुणी कुणाला बोल लावला नाही. लावणार कुणाला? प्रत्येकानं प्रेमानंच भरवलं होतं. तुम्ही पुष्कळ दिवस जेवायच्या वेळी पानावरून उठत होता. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणालात, "मी पुढच्या दारात असते तर एकही आत आली नसती."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. कळला तो पुढच्या वर्षी, आपल्या गोंदूला तोच ताप आला तेव्हा. तोच इस्पितळाचा फेरा, त्याच ओल्या पट्ट्या, आणि खाटेशी तुम्ही. मी तिथं दिवसा येऊन बसे आणि तुमच्याकडे बघून धीर धरी. गोंदू घरी आला, त्याचे पाय नुसते काड्या झाले होते, डोळे तेवढे मोठे राहिले होते. आणि त्याच दुपारी तुम्ही न्हाऊन आलात, आलवण डोक्यावरून नीट घेतलंत, माजघरातून पाट आणलात आणि तो सरळ पुढच्या उंबऱ्याशी मांडून बसलात. सासूबाईंच्या हातातलं भांडं खाली पडलं. पोर जिवानिशी घरी आलेलं आणि तुम्ही असं तोंड घेऊन दारात बसता, असं त्या बरंच काही बोलल्या. तुम्ही जपाची माळ ओढत राहिलात.

पहिल्या आल्या त्या भागीरथीकाकूच. हातात बुंदीचा डबा, त्यावर फुलं, पाठोपाठ दोघी सुना. पायरीपाशी आल्या, तुम्हाला पाहिलं आणि जागच्या जागी थांबल्या. देवाला दाखवलेलं घेऊन, शुभकामाला निघालेलं असताना, ऐन दारात विधवा. त्यांनी तोंड फिरवलं, काहीतरी पुटपुटल्या आणि सगळा लवाजमा घेऊन परत गेल्या. मग आणखी कुणी आलं, तेही परत. मी खिडकीच्या गजांतून बघत होते. मला हसू आलं, आणि त्याच क्षणी इतकं रडू आलं की तोंडात पदर कोंबावा लागला. कारण प्रत्येक वेळी कुणी तोंड फिरवलं की तुमची माळ एक क्षणभर थांबत होती.

असे दिवस गेले. दारात तुम्ही, आत गोंदू आणि मी. बरं होणाऱ्या पोराची भूक किती भयंकर असते, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. पेज पितापिता तो वाटी चाटे, मग वाटी फेके, मग मला शिव्या देई. भाकरीच्या तुकड्यासाठी माझ्या पाया पडला, वन्सं, माझा मुलगा माझ्या पाया पडला. मी उठून स्वयंपाकघराकडे निघालेही. तेव्हा तुम्ही दारातूनच त्याला हाक मारलीत. म्हणालात, "गोंदू, चल, आपण जेवायला बसू. पान मांडलं. मीठ वाढलं. लिंबू कुठं वाढायचं सांग पाहू."

तो रडायचा थांबला. आधी चिडून, मग नेटानं सांगायला लागला. लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, वरणभातावर तूप. तुम्ही एकेक जिन्नस शब्दांनी वाढत होता आणि तो डोळे मिटून जेवत होता. मधेच म्हणाला, आत्या, कढी वाहतेय पानावरून. तुम्ही म्हणालात, भाताचं आळं कर मग. असं ताटभर जेवून पोर झोपी गेलं. तुम्ही स्वतः त्या दिवशी एकादशीच्या नावाखाली पाण्यावर होता. भूक कशी फसवायची ते तुम्हाला शिकवायला कुणाची गरज नव्हती. लहानपणापासून तुमचा सगळा संसार तोच होता.

आणि मग तो दिवस आला. डॉक्टरांनी गुरगुट्या भात द्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं. सासूबाईंनी आळीतल्या बायका बोलावल्या, निरांजन लावलं, गोंदूला चौरंगावर बसवलं. तुम्ही आपणहून उठलात. पाट उचललात, बोळातून वळसा घालून मागे विहिरीपाशी गेलात. मी भाताची वाटी हातात घेऊन उभी होते. ज्यांनी त्याला वाचवलं त्या विहिरीपाशी आणि ज्या लाडू घेऊन आल्या होत्या त्या चौरंगाभोवती. मला राहवेना. सगळ्यांच्या देखत मी मागच्या दारात जाऊन हाक मारली, "वन्सं, आत या. पहिला घास तुम्ही द्या."

तुम्ही वळून बघितलंही नाहीत. पाठमोऱ्याच म्हणालात, "भात निवतोय, भरव त्याला."

तिथून आपलं भांडण. मी तुम्हाला विचारलं, का आला नाहीत? तुम्ही म्हणालात, धुणं राहिलं होतं. मी म्हटलं, खोटं बोलू नका. लोक तुम्हाला अपशकुन समजतात ते मूर्ख आहेत, मान्य. पण त्यांचा मूर्खपणा तुम्ही आपल्या हातांनी दारात मांडून बसता, त्याला कामाला लावता. आता त्यांना तो सोडायचं कारणच उरणार नाही. आणि असं रोज बसून बसून एक दिवस तुम्हालाच ते खरं वाटायला लागेल. की वाटतंच आहे? यावर तुम्ही नेहमी एकच वाक्य बोलत होता. "मूल आधी, यमे. भांडण मागाहून."

मूल कायमच आधी येत राहिलं. गोंदूची बातमी रमाबाईंनीच पसरवली. मग टेंभीवरून बोलावणं, मग चेंदणीवरून, एकदा तर कल्याणाहून आगगाडीनं एक गृहस्थ आले, टोपी हातात घेऊन, बायकोनं पाठवलं म्हणून. इस्पितळातून पोर घरी आलं की आधी तुम्हाला निरोप. पहिल्यांदा घरची म्हातारी माणसं तुम्हाला पाहून कपाळाला हात लावत, पण आईनं हट्ट धरलेला असे. तुम्ही गेल्या गेल्या पाट मांडत होता. मग आत बघून आईला म्हणत होता, तू जाऊन झोप. पोरापेक्षा आई जास्त आजारी असते, असं तुमचं म्हणणं. इस्पितळात सगळे होते, डॉक्टर होते, घरी आल्यावर ती एकटीच. झोपलेल्या पोराच्या नाकाशी बोट धरून बसलेल्या आया मी तुमच्याबरोबर किती पाहिल्या. मोठ्या भावंडांना आपल्या घरी पाठवत होता, त्यांच्या वेण्या मी घालत होते. धुणं आपल्या विहिरीवर येत होतं. मी कुरकुरत होते आणि धूत होते.

सगळी पोरं वाचली असं नाही. टेंभीवरचं एक तुमच्या डोळ्यांसमोर गेलं, त्याला कुणी काही भरवलं नव्हतं तरी गेलं. त्या घरच्या आजोबांनी तुमचा पाट उचलून रस्त्यात फेकला. तुम्ही तो उचलून, पुसून, घरी आणलात. त्या रात्री मी पान वाढलं तर नको म्हणालात. मी म्हटलं, त्यांचं दुःख बोललं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला पुढचं बोलवेना. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की ते म्हाताऱ्याचं बोलणं आत कुठंतरी आधीपासूनच बसलेलं होतं, त्यानं फक्त ते मोठ्यानं म्हटलं.

मारीचं घर आठवून मात्र मला अजून हसू येतं. कोलशेतच्या वाटेवर, खाडीच्या काठी वाडी, भाताची खाचरं, बाहेर जाळी वाळत टाकलेली. मारीचा मुलगा इस्पितळात गोंदूच्या पलीकडच्या खाटेवर होता, तुमची तिथलीच ओळख. तो आधी बरा झाला होता, पण पुढच्या पावसाळ्यानंतर ताप पुन्हा आला, आणि या वेळी तिनं निरोप धाडला. किरिस्तावाच्या घरी जायचं म्हणून सासूबाईंनी अन्नपाणी सोडलं. तुम्ही म्हणालात, मी आत कुठं जाते, मी दारात तर बसणार. आणि मला घेऊन छकड्यात बसलात.

तिथं पाट मांडून बसलात खऱ्या, पण तुमची विद्या तिथं चालेना. मारीच्या नातेवाईक बायका आल्या, टोपल्या घेऊन. तुम्हाला पाहून कुणी तोंड फिरवलं नाही. उलट एकीनं टोपली तुमच्या हातात दिली आणि पाय धुवायला गेली. दुसरी तुमच्याशेजारी ओट्यावर बसून आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगायला लागली. मारी स्वतः विधवा, घराचा सगळा कारभार तिच्या हातात, तिला पाहून कोण पळणार? शेवटी तीच दारात उभी राहून एकेकीला सुनावत होती की पोराला काय दिलंत तर बघा. तुम्ही गोंधळून टोपली धरून बसला होता. पोर आतून भुकेनं ओरडलं तेव्हा तुम्ही शब्दांचं पान मांडलंत, आणि त्यानं मागितले सुके बोंबील. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत. मग जन्मात न शिवलेले बोंबील, भाजून, वर मीठ-तिखट घालून, त्याच्या पानात वाढलेत. मला वाटलं, आता ओट्यावरून पडेन हसून.

त्याच्या पहिल्या भाताच्या दिवशी तुम्ही पाट उचलायला लागलात. मारीनं पाटावर पाय ठेवला.

"बाय, तू कुठं चाललीस? दारान पुरे झालं. आत ये. पयला घास तूच दे."

आणि तुम्ही गेलात. वन्सं, तुम्ही गेलात. तिनं हात धरला आणि तुम्ही उंबरा ओलांडून आत गेलात, त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिलात, जणू काय करायचं ते ठाऊक नव्हतं. मग वाकून पोराच्या तोंडात घास घातलात. घरी येऊन विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलंत आणि मागच्या पायरीवर ओल्या अंगानं बसून राहिलात. मी आलवण आणून दिलं तेव्हा म्हणालात, "त्यांनी मला आत नेलं गं."

मला त्याचा आनंद झाला. आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. मी हाक मारली तेव्हा मान वळवली नाहीत, आणि तिथं नुसता हात धरला तर गेलात. माझ्या घरात काय कमी होतं?

हे मी तुम्हाला शेवटी विचारलंच. यंदाची थंडी पडू लागली होती, तुम्ही अंथरूण धरलं होतंत, ताप हटत नव्हता. तुमच्या अंगात आता उत्तर देण्याइतकी ताकद नव्हती, पण मला भीती वाटली की मागाहून, मागाहून करता तुम्ही निघून जाल. मी पाय चेपता चेपता विचारलं, गोंदूच्या वेळी आत का नाही आलात? मारीच्या घरी गेलात ना? तुम्ही डोळे मिटलेत.

मग म्हणालात, "मारीचं पोर मारीचं होतं. परक्याच्या पोराला घास द्यायचा धीर होतो. गोंदू माझा होता, यमे. त्याच्या बाबतीत मला माझीच भीती वाटली."

मला म्हणायचं होतं, काही झालं नसतं. अहो, काही झालं नसतं. तो तुमच्या हातचा घास खाऊन आणखी लवकर उठला असता. मला म्हणायचं होतं की पुन्हा हाक मारते, आता या. पण मी नुसते तुमचे पाय चेपत राहिले, तेच पाय, उंबऱ्याशी तासन् तास दुमडून घट्टे पडलेले. सकाळी तुम्हाला ग्लानी आली ती उतरलीच नाही. म्हणजे सगळ्या जगाला तुम्ही खोटं पाडलंत आणि स्वतःला मात्र नाही. हे मला खातं आहे, वन्सं. घरात कुठंही गेले तरी हेच माझ्या मागे मागे येतं.

तेरावा होऊन थोडे दिवस गेले आणि नौपाड्यातून लक्ष्मी आली. तरुण मुलगी, केस विस्कटलेले. तिची चिमी इस्पितळातून नुकतीच घरी आणलेली, त्याच तापातून. तीही पोरीबरोबर तिथंच होती, त्यामुळे तुमचं तिला कळलं नव्हतं. ती थेट ओटीवर येऊन विचारू लागली, आत्याबाई कुठं आहेत, त्यांना आजच न्यायला आलेय. मी सांगितलं. ती मटकन खाली बसली. म्हणाली, उद्या सासूबाईंकडची सगळी माणसं यायचीत. दारात कोण बसेल?

मी काय सांगणार? माझ्या कपाळावर कुंकू. मी बसले असते तर लोकांनी माझीच ओटी भरली असती आणि मला घेऊन आत गेले असते. लक्ष्मीनं इकडेतिकडे बघितलं आणि तिला तुमचा पाट दिसला. "त्यांचा पाट तरी द्या. आणि आलवण असेल तर तेही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यावरही? जिवंतपणी अपशकुन म्हणून बसवलं, आता राखेलाही बसवणार? मी तिला हाकलूनच देणार होते. तोंडापर्यंत शब्द आले होते. आणि तुमचंच वाक्य आडवं आलं. मूल आधी. तुमचं दुसरं आलवण दांडीवर होतं, दान द्यायचं राहून गेलेलं. तुमच्या भावांनी पाट उचलला, उपरण्यानं चारी बाजूंनी पुसला आणि माझ्या हातात दिला. उपरणं मग डोळ्यांकडे नेलं.

मी लक्ष्मीच्या उंबऱ्याशी पाट मांडला आणि त्यावर तुमचं आलवण घडी करून ठेवलं, वर तुमची माळ. लक्ष्मीला झोपायला पाठवलं. चिमीपाशी मी बसले. चिमी पाचेक वर्षांची असेल, गोंदूसारखीच काडी झालेली, गोंदूसारखीच भुकेली. बाहेर कुणी आलं की लक्ष्मी आतून म्हणायची, आज नको, दारात आत्याबाई बसल्यात. लोक पाट बघायचे, कुजबुजायचे आणि निघून जायचे. रिकामा पाट तुमच्यापेक्षा चोख काम करत होता. अंगावर काटा येत होता माझ्या. कधी वाटे, माळ वाजली. मी बघायला जाई, तर माळ तिथंच.

चिमीनं मला विचारलं, "दारात कोण बसलंय?" मी म्हटलं, "एक आत्या आहेत. तुझ्यासाठी बसल्यात." ती म्हणाली, त्यांना भूक नाही का लागत? मी म्हटलं, लागते, पण त्यांना सवय आहे. मग आम्ही दोघी जेवायला बसलो. मला तुमच्यासारखं वाढता येत नाही, मी कोशिंबीर विसरले, तिनं आठवण केली. शेवटी म्हणाली, दारातल्या आत्यांनाही वाढा. मी वाढलं. तुमच्या पानात मी काय काय वाढलं ते नाही सांगत. तुम्हाला आयुष्यभर जे जे बंद होतं ते सगळं.

भागीरथीकाकू आल्याच. त्यांचं कुठलं तरी लांबचं नातं निघतं प्रत्येक घराशी. डबा बुंदीचाच. पायरीपाशी थांबल्या, आलवण बघितलं, माळ ओळखली. मी गजांतून बघत होते. मला वाटलं, आता तोंड फिरवतील. त्यांनी डबा पदराखाली घेतला, दोन्ही हात जोडले, डोकं टेकवल्यासारखं केलं आणि मग मागे वळल्या. तुम्ही जिवंत असताना त्यांनी एकदा जरी असं केलं असतं, तर मी त्यांचे पाय धरले असते. आता मला त्यांचा फक्त राग आला. रागाबरोबर थोडं बरंही वाटलं, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

काल चिमीला भात द्यायचा होता. बायका जमल्या, निरांजन तयार, चौरंग मांडला. लक्ष्मीची सासू म्हणाली, आता आधी तो पाट हलवा दारातून, मग ओवाळू. लक्ष्मीनं माझ्याकडे पाहिलं. मला परत ती विहीर दिसली, तुमची पाठ दिसली. मी उठणार, एवढ्यात चिमीच उठली. भिंत धरत, पाय लटपटत, चौरंगाला वळसा घालून दाराकडे गेली, आणि तुमच्या पाटावर, तुमच्या आलवणावर जाऊन बसली. एकदोघींनी श्वास आत ओढला. लक्ष्मीच्या सासूबाई पुढं झाल्या. मी म्हटलं, "राहू द्या." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्या थांबल्या.

मी वाटी घेऊन उंबऱ्यापाशी खाली बसले. चिमी पाटाच्या अगदी कडेला टेकली होती, अर्धं अंग बाहेर, एका हातानं चौकट धरून. मी म्हटलं, नीट मधे बस गं, पडशील.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मला साधी गोष्ट कळत नाही. म्हणाली, "मग त्या कुठं बसतील?"

मी घास केला आणि तिला भरवला. भात निवत होता.